हॉटेलातला दुपारचा चहा आणि पायरीवर बसलेले आबा

“आता कुठे राहिली आहे जात? हॉटेलात चहा पिताना कोणी कोणाला जात विचारतो का?”

हा प्रश्न आम्हाला कॉलेजात विचारला गेला, नोकरीच्या ठिकाणी विचारला गेला, आणि आरक्षणाचा विषय निघाला की आजही हमखास विचारला जातो. विचारणारा हसत विचारतो. बहुतेक वेळा तो आपल्यासोबतच चहा पीत असतो, त्यामुळे पुरावा हातातच आहे असे त्याला वाटते. इतकी वर्षे आम्ही या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देत आलो. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी चहा पिताना जे घडले, त्यानंतर आमचे उत्तर बदलले. त्या प्रसंगात चूक आमची होती. म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या भागातल्या एका गावात वस्तीतल्या तरुणाला मारहाण झाली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात खटला उभा राहिला. खटला अजून चालू आहे, म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही. घटना पाहणारे सात-आठ जण होते. साक्षीची वेळ येईपर्यंत काही जण कामासाठी पुण्या-मुंबईकडे निघून गेले, काहींना ‘अंधारात नीट दिसले नव्हते’ असे आठवू लागले. शेवटी उरले ते आबा. वय सत्तरीच्या पुढे, कमरेतून वाकलेले, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेले.

आम्ही चौघे आबांना घेऊन जायचो. आमच्यातले दोघे वकिली शिकलेले, एक शिक्षिका, एक खाजगी नोकरीतला. पहाटेची एसटी धरायची, कोर्टात बसायचे आणि तारीख घेऊन परत यायचे. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने दीड तास उलटतपासणी घेतली. तुमचे वय काय, अंधार किती होता, तुम्ही किती लांब होतात, तुम्हाला कोणी शिकवून आणले आहे का. शेवटी त्याने विचारले, “तुम्हाला चष्मा आहे ना?”

आबा म्हणाले, “चष्मा वाचायला हाय साहेब. माणूस वळखायला लागत न्हाई.”

समोर आरोपी बसले होते. त्यांच्याच गावात आबांना रात्री परत जायचे होते. तरी आबा एका शब्दाने मागे सरले नाहीत.

बाहेर पडलो तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हते. कोर्टासमोर एक हॉटेल आहे. पुढे भट्टी, काचेच्या कपाटात भजी आणि वडे, गल्ल्यावर मालक, आत सहा-सात टेबले, वर गरगरणारा पंखा. आम्ही आत शिरलो, खुर्च्या ओढल्या, पाच चहा सांगितले आणि वळून पाहिले तर आबा नव्हते. ते दारातल्या पायरीवर बसले होते.

“आबा, आत या ना.”

“इथंच बरं हाय. वारं लागतंय.”

वारे कुठले? बाजूला भट्टी पेटलेली, तिची धग थेट पायरीवर येत होती. मालकानेही म्हटले, “बाबा, आत बसा की, पंखा आहे.” आबा नुसते हसले. मग त्यांचा चहा पोऱ्याने पायरीवर नेऊन दिला. आबांनी बशीत ओतून, फुंकून प्यायला. पिऊन झाल्यावर जवळच्या जगमधले पाणी कपात घेतले, बोटाने कप आतून फिरवून विसळला, बशी विसळली, पाणी गटारात टाकले आणि कपबशी भिंतीला लावून पालथी घातली. टेबल पुसणारा पोऱ्या हे बघत उभा राहिला. म्हातारा गिऱ्हाईक स्वतःची कपबशी का धुतोय हे त्याला कळत नव्हते. आम्हाला कळत होते, आणि आम्हाला लाज वाटली.

त्या लाजेचा आम्ही राग केला. बाहेर येऊन आमच्यातला एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, “आबा, बाबासाहेबांनी एवढे केले ते यासाठी का? कोण अडवत होते तुम्हाला? किती दिवस ही गुलामी डोक्यात घेऊन फिरणार?” दुसऱ्याने मान डोलावली. उरलेले दोघे गप्प राहिले, म्हणजे तेही सामील होते. आबा काही बोलले नाहीत. धोतराला हात पुसले आणि स्टँडच्या दिशेने चालू लागले.

एसटी निघाली, गाव मागे पडले, तेव्हा कोणी न विचारता आबा बोलू लागले.

बहात्तरच्या दुष्काळात ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. खडी फोडायच्या कामावर जात होते. आठवड्याचा पगार हातात आला, बाजारचा दिवस होता, दुपारची वेळ होती. आबा आणि त्यांचे दोन सोबती बाजारच्या गावच्या हॉटेलात शिरले आणि आत बाकड्यावर जाऊन बसले. तोवर त्यांच्यासाठी बाहेर वळचणीला कान तुटलेल्या तीन-चार कपबशा ठेवलेल्या असत. ज्याने त्याने आपली उचलायची, मालक वरून चहा ओतणार, पिऊन झाला की आपली आपण धुऊन जागेवर ठेवायची. त्या दिवशी हे तिघे आत बसले. मालकाने एकदा बघितले आणि काही न बोलता चहा दिला. त्यांनी तो प्यायला, पैसे दिले आणि बाहेर आले. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही.

दुसऱ्या दिवशी वाणी वस्तीतल्या कोणालाच मीठ-रॉकेल देईना. गिरणीवाला दळण घेईना. कामावरच्या मुकादमाने तिघांची नावे काढली, वर आणखी चार घरांची काढली. दुष्काळात हजेरीतून नाव जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तेव्हाची माणसे अजून आहेत त्यांनी त्यांना विचारावे. पंधरा दिवस असे चालले. पोरे उपाशी झोपू लागली तेव्हा वस्तीतल्या बायकाच आबांच्या आईशी भांडायला आल्या. शेवटी आबांचे वडील चावडीवर गेले, डोक्याचे मुंडासे उतरून पायरीवर ठेवले आणि पोराच्या वतीने माफी मागितली.

“च्याचं पैसं म्या दिलं,” आबा म्हणाले, “बाकीचं समद्या वस्तीनं भरलं.”

आमच्यातले कोणी बोलले नाही. बराच वेळाने शिक्षिका असलेल्या आमच्या ताईने विचारले, “आबा, चहा कसा होता तो?”

“ग्वाड व्हता,” आबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

वाचक मित्रांनो, आता हिशेब मांडू. १९७२ साली संविधान लागू होऊन बावीस वर्षे झाली होती. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली होती. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांची नावे घेऊन सांगितले होते की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाला तिथे मज्जाव करता येणार नाही. १९५५ चा अस्पृश्यता विरोधी कायदाही होता. त्याचेच पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामकरण झाले. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलातल्या प्रवेशाबरोबर हॉटेलातल्या भांड्यांचाही वेगळा उल्लेख आहे. सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्यांना वळचणीची कपबशी माहीत होती, म्हणूनच हे वाक्य कायद्यात आले.

हे संविधान ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने घडवले, त्या बाबासाहेबांना हॉटेल आणि सराई म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नव्हते. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा या उच्चविद्याविभूषित माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी सराईत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथून बाहेर काढले. १९४८ च्या २९ नोव्हेंबरला संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले की इथे ‘दुकान’ हा शब्द केवळ आत पाऊल टाकण्यापुरता नाही. जो कोणी सर्वांना सेवा देण्यासाठी बसला आहे, त्याची सेवा मिळणे असा त्याचा व्यापक अर्थ आहे. दार उघडे आहे एवढे सांगून सुटता येऊ नये, याची ही काळजी होती.

मग आबांच्या बाबतीत कायदा मोडला कोणी? इथे आमचे पुस्तकी ज्ञान उघडे पडते. हॉटेलवाल्याने कायदा पाळला होता! त्याने आत बसू दिले, चहा दिला, पैसे घेतले. शिक्षा आली ती वाण्याकडून, गिरणीकडून, मुकादमाच्या वहीतून. म्हणजे हॉटेलातली जात हॉटेलात नसतेच. ती गावाच्या अर्थव्यवस्थेत असते. ज्याच्या हातात जमीन, दुकान, गिरणी आणि हजेरीची वही आहे, त्याला दारात काठी घेऊन उभे राहण्याची गरज नसते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायला सुरुवात केली की गाव सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे उपसते, हे त्या समितीच्या १९३० च्या अहवालात नोंदलेले आहे. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये बाबासाहेबांनी सराया, रस्ते, पाणवठे यांचा हक्क नाकारणे हा गुन्हा ठरवा असे म्हटले, आणि त्याच्या जोडीला बहिष्कारही गुन्हा ठरवा अशी मागणी केली. बाबासाहेब दोन्ही गोष्टी एकत्र का मागत होते, ते आम्हाला एसटीत बसून कळले. प्रवेशाचा हक्क दिला आणि बहिष्काराला मोकळे सोडले, तर तो हक्क वापरणारा उपाशी मरतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत आला तो २०१५ च्या दुरुस्तीने, आणि ती लागू झाली २६ जानेवारी २०१६ ला. आबांच्या चहानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

म्हणून “कोण अडवत होते तुम्हाला?” हा आमचा प्रश्न चुकीचा होता. त्या दुपारी आबांना त्या हॉटेलात कोणीही अडवत नव्हते. त्यांना अडवत होती ती पंधरा दिवस बंद असलेली गिरणी, चावडीच्या पायरीवरचे वडिलांचे मुंडासे. त्याला आम्ही गुलामी म्हणालो. आणि हे कोणाला म्हणालो? ज्यांनी त्याच सकाळी पिंजऱ्यात उभे राहून आरोपींच्या तोंडावर साक्ष दिली, त्यांना. आमच्यातल्या चौघांपैकी एकालाही रात्री त्या गावात झोपायचे नव्हते. खुर्चीवर बसणे आम्हाला सोपे होते, कारण आमची मीठ-मिरची त्या गावातून येत नाही. शहरात राहून, पगार घेऊन, गावातल्या म्हाताऱ्यांना भित्रे ठरवण्याचा आजार आपल्या चळवळीत वाढतो आहे. त्या दिवशी तो आम्हालाच झालेला होता. आबांची आम्ही माफी मागितली आणि इथे सर्वांसमोर पुन्हा मागतो.

आता त्या हसऱ्या प्रश्नाकडे येऊ. हॉटेलात कोणी जात विचारत नाही, हे खरे आहे. शहरात तर नक्कीच. पण त्याचे श्रेय मनपरिवर्तनाला देण्याआधी टपरीवरचा कागदी कप हातात घेऊन बघा. सगळ्यांचाच कप फेकायचा असेल तर कोणाचा वेगळा ठेवायची गरज राहत नाही. कप बदलला म्हणून मन बदलले असे होत नाही. मन तपासायचे असेल तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: आम्ही तुमच्या हॉटेलात पितो, तुम्ही आमच्या हॉटेलात पिता का?

हा उलटा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका राजाला कळला होता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना मदत करून भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला लावले. नाव ‘सत्यसुधारक’. तिथे सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह गाडी थांबवून गंगारामांच्या हातचा चहा मागू लागले, आणि महाराज पितात म्हटल्यावर सोबतच्यांनाही प्यावा लागला. महाराजांनी गंगारामांना राजवाड्यात बोलावून चहा पाजला असता तर ती दया झाली असती. त्यांनी गंगारामांना मालक केले आणि स्वतः गिऱ्हाईक झाले. फरक इथे आहे. आणि उलटा प्रश्न जुना झालेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले अन्न सवर्ण मुलांनी खायचे नाकारले होते. तिथे कोणी दलितांना जेवायला बंदी केली नव्हती. फक्त त्यांच्या हातचे नको होते.

हॉटेल हे चळवळीचेही ठिकाण राहिले आहे. महाडला बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना घोटभर पाणी मिळायची सोय नव्हती. कॉम्रेड आर. बी. मोरे यांनी पुढाकार घेऊन तिथे आपल्या माणसांचे चहाचे हॉटेल सुरू करवले. येणारी-जाणारी माणसे तिथे टेकू लागली, बोलू लागली. १९२७ च्या महाड परिषदेची जी जमीन तयार झाली, त्यात त्या चहाचाही वाटा आहे. २० मार्चला चवदार तळ्यावर बाबासाहेबांसोबत हजारो माणसे चालत गेली. एकट्याने ओंजळ भरली असती तर त्याची गत आबांसारखी झाली असती. अर्थात हल्ला तेव्हाही झाला, पण गावोगावच्या माणसांनी तो मिळून सोसला.

आता थोडे आपल्या घरात बघू. हे लिहिताना आमच्याच ताईने आम्हाला विचारले, “१४ एप्रिलच्या मिरवणुकीला मातंग वस्तीतल्या पोरांना बोलावता. मेहतर वस्तीतल्या किती जणांना घरी चहाला बोलावले? त्यांच्या घरी जाऊन तुमच्या आईने चहा घेतला आहे का?” आम्ही चौघांनी आठवून पाहिले. उत्तर द्यायला वेळ लागला, यातच उत्तर आले. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडते आणि त्याच्यासाठी एक अदृश्य कपबशी आपणही वळचणीला ठेवतो. तीच ताई पुढे म्हणाली, “आणि गावातल्या हॉटेलात आत बसून चहा पिणारी आपली एक तरी बाई दाखवा.” याचेही उत्तर आमच्याकडे नव्हते.

पुढच्या तारखेला आम्ही चौघे नव्हतो, अकरा जण होतो. वस्तीतल्या तीन बाया होत्या, बाजूच्या मातंग वस्तीतले दोघे होते. आबांची साक्ष झाली होती, त्यांना यायची गरज नव्हती, तरी ते आले. दुपारी त्याच हॉटेलात गेलो. या वेळी कोणी आबांना आत बोलावले नाही. ताईने फक्त त्यांचा हात धरला आणि बोलत बोलत सगळे आत गेले. दोन टेबले जोडली. आबा खुर्चीच्या कडेवर टेकले, पाठ न लावता. चहा झाल्यावर त्यांनी सवयीने जगकडे हात नेला, कप विसळला आणि टेबलावरच पालथा ठेवला. आम्ही कोणी काही बोललो नाही. पन्नास वर्षांची सवय एका दुपारी जात नाही, आणि ती घालवण्याचा हक्क आबांचा आहे, आमचा नाही.

तरुण कार्यकर्त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. बाजारच्या दिवशी आपल्या गावच्या हॉटेलात जा, पण एकटे जाऊ नका. म्हाताऱ्यांना घेऊन जा, बायांना घेऊन जा, शेजारच्या वस्तीतल्यांना घेऊन जा. त्यांना लाजवू नका, त्यांच्याकडून त्यांचा चहा ऐकून घ्या आणि लिहून ठेवा. कोणाचे रेशन, दळण किंवा काम बंद झाले तर तो गुन्हा आहे हे लक्षात ठेवा, तक्रार द्या आणि तोवर त्या घराची चूल आपण पेटती ठेवा. दुसऱ्या दिवशी वस्तीला मीठ कोण देणार, याची सोय ज्याने आधी केली नाही, त्याने कोणाला खुर्चीवर बसायचा उपदेश करू नये.

आणि पुन्हा कोणी हसत विचारले की हॉटेलात कोण जात विचारतो, तर त्याला सांगा: आमच्या वस्तीत आमच्या माणसाने चहाचे हॉटेल टाकले आहे. चला, आजचा चहा तिथे घेऊ.

जय भीम!